ड्राइव्ह जागेवर आहे, बूटलोडरला मात्र सापडत नाही

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा ऐन मे महिन्यात सकाळीच फोन आला. "मामा, कालपर्यंत चालू होतं की! आता नुसत्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येतेय." त्याचा संगणक आम्ही दोघांनी एकेक भाग आणून घरीच जोडलेला होता. त्यात विंडोजसाठी ५०० जीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारा, चिपवर साठवणारा वेगवान ड्राइव्ह) होती आणि जुन्या संगणकातून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क होती, जिच्यात घरातले फोटो आणि कॉलेजच्या फाइली होत्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली म्हणून त्याने ती आदल्या रात्री काढून कपाटात ठेवली होती. सकाळी बटण दाबल्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ ही ओळ आली. जवळच्या दुकानात विचारले, तर "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकावं लागेल" असे उत्तर मिळाले.

विंडोज उडालेले नव्हते. एसएसडीवरची एकही फाइल हललेली नव्हती. त्या फाइलींपर्यंत पोहोचवणारा छोटासा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, कपाटातल्या हार्ड डिस्कवर होता. असेंबल्ड संगणकात हा प्रकार इतक्या वेळा घडतो की ‘सिस्टीम ड्राइव्ह सापडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी सगळ्यांना एकच सांगतो, की काहीही पुसू नका. बहुतेक वेळा माल शाबूत असतो, हरवलेला असतो तो पत्ता. नवे विंडोज टाकल्याने संगणक सुरू होतो हे खरे आहे, परंतु त्यात टॅलीचा डेटा, प्रिंटरची जुळणी, मिळवलेली लायसन्से असे सगळे हकनाक जाते. शिवाय मूळ दोष सैल केबलचा असेल, तर पंधरा दिवसांनी तीच ओळ पुन्हा दिसते.

शोध कोठे तुटतो

बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत एकाने दुसऱ्याला शोधायचे अशी साखळी असते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर (आपण सवयीने त्याला बायोस म्हणतो, पण आजच्या बोर्डांवर ते यूईएफआय असते) प्रथम ड्राइव्ह ओळखते. मग स्वतःच्या चिपमध्ये नोंदवलेली बूटची यादी पाहते आणि त्या नोंदीनुसार एका लहानशा पार्टिशनवर, म्हणजे ड्राइव्हच्या वेगळ्या आखलेल्या भागावर, जाते. हे ईएफआय पार्टिशन फॅट३२ पद्धतीचे असते आणि विंडोजने स्वतः बनवलेले असेल तर सहसा १०० एमबीचे असते. तेथे विंडोज बूट मॅनेजर असतो. तो शेजारची बीसीडी नावाची नोंदवही उघडतो, तीत लिहिलेल्या ओळखक्रमांकाचे पार्टिशन शोधतो आणि त्यावरचे विंडोज स्मृतीत चढवू लागतो. शेवटी विंडोजच्या गाभ्याला तोच ड्राइव्ह पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत, सापडावा लागतो.

जकार्डच्या मागावर काम केलेल्या माणसाला हे लवकर समजते. छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकामागून एक ओवलेली असतात. ओवण सुटली तर चादरीवरची नक्षी पुढे सरकत नाही, पण म्हणून सूत वाईट झाले असे कोणी म्हणत नाही आणि बीमही फेकून देत नाही. ओवण कोठे सुटली ते पाहतो. संगणकाच्या बाबतीत हे पाहण्याची पहिली जागा म्हणजे पडद्यावरची ओळ. म्हणून ती वाचण्याआधी रीस्टार्टचे बटण दाबू नये. मोबाइलवर तिचा फोटो काढावा.

‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ असे शब्द असतील, किंवा यंत्र आपणहून बायोसच्या पडद्यावरच जाऊन थांबत असेल, तर फर्मवेअरला बूटलोडरच मिळालेला नाही. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर विंडोजचा दुरुस्तीचा संदेश असेल आणि त्याखाली सी, सहा शून्ये आणि ई असा क्रमांक असेल, किंवा सी, चार शून्ये आणि २२५ असा असेल, तर बूटलोडर मिळाला आहे, पण त्याला विंडोज मिळत नाही. विंडोजचे चिन्ह दिसून गोल फिरू लागते आणि मग ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे येते, तेव्हा साखळीची शेवटची कडी, म्हणजे ड्रायव्हर किंवा स्टोरेजची सेटिंग, तुटलेली असते. लिनक्समध्ये ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, पहिला तुकडा चालला आहे आणि उरलेला भाग त्याला सापडत नाही. ‘इनिटरामएफएस’ असा प्रॉम्प्ट आला तर लिनक्सचा गाभा चालू झाला आहे आणि मूळ पार्टिशन सापडत नाही. एवढ्या एका ओळीवरून निम्मे काम होते. ओळ न वाचता थेट स्क्रूड्रायव्हर हातात घेणारे बहुतेक लोक उरलेले निम्मे कामही दुप्पट करून ठेवतात.

बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो का

बटण दाबताच डिलीट किंवा एफ२ ही कळ टिचकत राहिल्यास बायोस उघडते. नुसता बूट मेन्यू हवा असेल तर असूसच्या बोर्डांवर सहसा एफ८, गिगाबाइटच्या बोर्डांवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकच्या बोर्डांवर एफ११ ही कळ असते. बायोसमध्ये गेल्यावर बूटच्या पानाकडे धावू नये. आधी स्टोरेज, साटा (केबलने जोडायच्या ड्राइव्हची पद्धत) किंवा एनव्हीएमई असे नाव असलेले पान शोधावे आणि तेथे ड्राइव्हचे मॉडेल व क्षमता दिसते का ते पाहावे. या दोन पानांमधला फरक फार महत्त्वाचा आहे. स्टोरेजच्या पानावर ड्राइव्ह दिसतो आणि बूटच्या यादीत दिसत नाही, तर तारा ठीक आहेत आणि दोष नोंदींचा किंवा बूटलोडरचा आहे. स्टोरेजच्या पानावरही दिसत नाही, तर सॉफ्टवेअरच्या कोणत्याही आज्ञेने काहीच साधणार नाही. कॅबिनेट उघडावे लागेल.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी भिंतीवरचा स्विच बंद करून एसएमपीएसची, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर काढावी, उरलेला विद्युतभार निघून जावा म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच आतील भागांना स्पर्श करावा.

एम.२ प्रकारची एसएसडी असेल तर तिचा छोटा स्क्रू काढताच ती तिरकी वर उचलली जाते. ती पूर्ण बाहेर काढून, संपर्काच्या सोनेरी पट्टीवर बोट न लावता, सुमारे ३० अंशांच्या कोनात पुन्हा शेवटपर्यंत सरकवावी आणि दाबून स्क्रू लावावा. स्क्रू हरवला म्हणून चिकटपट्टीवर भागवलेली किंवा स्क्रूखालचा छोटा खांब चुकीच्या भोकात बसवल्यामुळे मधोमध वाकलेली एसएसडी मी पाहिली आहे. अशी एसएसडी सकाळी दिसते आणि दुपारी दिसत नाही. पट्टीला एक खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई असते आणि दोन खाचा असतील तर बहुधा साटा. काही स्लॉट दोन्ही स्वीकारतात, काही एकच. चुकीच्या स्लॉटमध्ये ती मजेत बसते, पण दिसत नाही. आणखी एक खोच अशी आहे, की अनेक मदरबोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की साटाचे एक किंवा दोन पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. नवी एसएसडी बसवली आणि जुना ड्राइव्ह गायब झाला, असे झाले तर मदरबोर्डच्या पुस्तिकेतील स्टोरेजचा तक्ता उघडून पाहावा आणि जुन्या ड्राइव्हची केबल दुसऱ्या पोर्टात लावावी. ही पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत गेली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकाने मिळते.

साटाच्या ड्राइव्हला दोन जोडण्या असतात, ७ टोकांची डेटाची आणि १५ टोकांची विजेची. दोन्ही काढून पुन्हा बसवाव्यात, मग डेटाची केबल बदलून पाहावी, मग पोर्ट बदलावा. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. विजेच्या केबलबाबत मात्र एक कडक सूचना आहे. सुट्या केबलांच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नये. ड्राइव्हकडचे टोक सारखेच असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकातील तारांचा क्रम प्रत्येकाचा निराळा असतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर ड्राइव्ह जळतो. मग हा लेख उपयोगाचा राहत नाही.

सोलापुराबद्दल येथे दोन शब्द लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचा संगणक आठवड्यातून दोनदा बंद पडे आणि प्रत्येक वेळी ड्राइव्ह गायब झालेला असे. कॅबिनेट उघडले तेव्हा एसएमपीएसच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंची करडी गादी जमली होती, ती बोटाने उचलली तर चकतीसारखी अख्खी निघाली. पण ड्राइव्ह जाण्याचे कारण ती गादी नव्हती. कार्यालयाची भिंत मागांच्या शेडला लागून होती, टेबल भिंतीला टेकलेले होते, आणि मागांचा ठोका दिवसभर त्या टेबलातून कॅबिनेटमध्ये उतरत होता. साटाची केबल जुन्या पद्धतीची, म्हणजे टोकाला धातूचा खटका नसलेली होती आणि ती हळूहळू अर्धा मिलिमीटर बाहेर आली होती. खटक्याची केबल लावली, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, आणि तक्रार थांबली. तंतू अर्थातच साफ केले, कारण मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेल्यावर तशा पंख्याने एसएमपीएस टिकला नसता.

सेटिंग आपोआप बदलते तेव्हा

त्याच कारखान्यात मला दुसरा एक दोषही सापडला. रात्री पाळी संपली की मुख्य स्विच पाडायचा अशी तेथे शिस्त आहे, आणि ती आगीच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु भिंतीवरची वीज चालू असते तेव्हा मदरबोर्डचे घड्याळ त्या विजेवर चालते आणि मुख्य स्विच पाडला की ते बटण सेलवर येते. त्यामुळे असे सेल लवकर संपतात. हा सेल सीआर२०३२ या नावाने मिळतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते, नवा सेल ३ व्होल्टचा असतो. सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बायोसच्या सेटिंगा कारखान्यातून आल्या तशा होतात. म्हणून बूट बंद पडलेल्या संगणकात आधी तारीख पाहावी. तारीख चुकलेली असेल तर सेल बदलावा आणि पुढील गोष्टी पुन्हा पूर्वीसारख्या कराव्यात.

पहिली गोष्ट साटाची पद्धत. विंडोज एएचसीआय पद्धतीवर टाकलेले असेल आणि सेटिंग रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीवर) गेली असेल, किंवा उलट झाले असेल, तर विंडोजचे चिन्ह येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत व्हीएमडी नावाची आणखी एक सेटिंग असते आणि तीही हाच गोंधळ घालते. ती चालू असताना विंडोजच्या इन्स्टॉलरला योग्य ड्रायव्हर दिल्याखेरीज एनव्हीएमई ड्राइव्ह दिसतच नाही, आणि लोक समजतात की ड्राइव्ह मेला. बायोस अपडेट केल्यानंतर लगेच हा संदेश आला असेल तर व्हीएमडी आणि साटाची पद्धत या दोनच गोष्टी आधी तपासाव्यात. जुनी सेटिंग परत केली की बहुतेक वेळा संगणक मुकाट्याने सुरू होतो.

दुसरी गोष्ट सीएसएम, म्हणजे यूईएफआय फर्मवेअरने जुन्या बायोसचे सोंग घेण्याची सोय. डिस्कची मांडणी दोन प्रकारची असते. १९८३ पासून चालत आलेली एमबीआर आणि तिच्या जागी आलेली जीपीटी. एमबीआर डिस्कवर जुन्या पद्धतीने टाकलेले विंडोज सीएसएम बंद होताच बूट होत नाही, आणि जीपीटीवरचे विंडोज नुसत्या जुन्या पद्धतीत बूट होत नाही. संगणक चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल आणि विंडोज त्याहूनही जुन्या हार्ड डिस्कवरून जसेच्या तसे आणलेले असेल, तर तूर्त सीएसएम चालू करून संगणक सुरू करावा. कायमचा इलाज म्हणून २०१७ पासून विंडोजमध्ये असलेले एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. ते डेटा न पुसता मांडणी बदलते, मात्र त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक पार्टिशने असू नयेत. आधी त्याचा तपासणीचा पर्याय, म्हणजे ‘व्हॅलिडेट’, चालवावा. तो नाही म्हणाला तर हट्ट करू नये. डेटाची प्रत घेतल्याशिवाय हे साधन मी स्वतःच्या संगणकावरही चालवत नाही.

सेटिंगांना हात लावण्यापूर्वी बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हला लागणाऱ्या कुलपाचा, विचार करावा. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक संगणकांवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींची सेटिंग बदलली, बायोस अपडेट केले, तर पुढच्या वेळी निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती वहीत उतरवून घ्यावी आणि मगच पुढे जावे. खाते कोणाच्या ई-मेलवर आहे हेच आठवत नाही, अशी घरे कमी नाहीत. दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडून दिले असेल तर आधी त्याच्याकडे जावे.

बूटलोडर दुसऱ्याच डिस्कवर असतो तेव्हा

आता भाच्याच्या संगणकाकडे येतो, कारण असेंबल्ड संगणकातला सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा दोष हाच आहे. विंडोज टाकताना संगणकात आधीपासून ईएफआय पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर इन्स्टॉलर बरेचदा नवीन ईएफआय पार्टिशन न बनवता त्या जुन्याच पार्टिशनवर बूटलोडर ठेवतो. विंडोज एका ड्राइव्हवर, त्याचा दरवाजा दुसऱ्यावर. दोन्ही जोडलेले असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. एक दिवस जुनी डिस्क बिघडते किंवा काढली जाते आणि नवी कोरी एसएसडी अनाथ होते. पडताळा सोपा आहे. काढलेली डिस्क पुन्हा जोडली आणि संगणक सुरू झाला, तर निदान झाले. भाच्याची डिस्क टकटक करत असल्यामुळे तिला पुन्हा जोडण्याचा धोका मी पत्करला नाही.

यासाठी ८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह आणि दुसरा चालू संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवावा, त्यावरून संगणक सुरू करावा आणि भाषा निवडण्याचा पहिला पडदा आला की शिफ्ट धरून एफ१० दाबावे. काळी कमांड प्रॉम्प्ट उघडते. येथून पुढच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकायच्या आहेत. मी त्या फोनवरून भाच्याला जशा सांगितल्या तशाच उच्चाराने देतो. या पडद्यावर ‘इन्स्टॉल’चे बटण दाबायचे नाही, हेही त्याला तीनदा सांगावे लागले.

प्रथम ‘डिस्कपार्ट’ टंकून एंटर दाबावे, मग ‘लिस्ट डिस्क’. जोडलेले ड्राइव्ह क्षमतेसह दिसतात आणि जीपीटीच्या रकान्यात फुली असेल तर मांडणी जीपीटी आहे. मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. येथे ड्राइव्हची अक्षरे दिसतात, पण ती रोजचीच असतील असे नाही. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर आपला सी हा डी किंवा ई झालेला असू शकतो. म्हणून क्षमतेवरून अंदाज बांधावा आणि नंतर ‘डिर’ या आज्ञेने त्या अक्षरावर विंडोज आणि यूजर्स ही फोल्डरे आहेत का याची खात्री करावी. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि एसएसडीचा क्रमांक, आणि त्यानंतर ‘लिस्ट पार्टिशन’. निरोगी डिस्कवर सिस्टीम, १६ एमबीचे रिझर्व्ह्ड, प्रायमरी आणि बहुधा रिकव्हरी असे प्रकार दिसतात. भाच्याच्या एसएसडीवर सिस्टीम हा प्रकारच नव्हता. दोष डोळ्यांसमोर होता.

सिस्टीम पार्टिशन नसेल तर ते बनवण्यासाठी जागा काढावी लागते. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि विंडोजच्या व्हॉल्यूमचा क्रमांक देऊन ‘श्रिंक डिझायर्ड इक्वल टू ३००’ टंकावे. विंडोजच्या शेपटीकडची ३०० एमबी जागा मोकळी होते. मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ इक्वल टू २६०’, त्यानंतर ‘फॉरमॅट क्विक एफएस इक्वल टू फॅट३२’, आणि शेवटी ‘असाइन लेटर इक्वल टू एस’. फॉरमॅट या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही, परंतु आळसही करू नये. ती आज्ञा आत्ताच बनवलेल्या २६० एमबीच्या तुकड्यावर चालते आहे ना, हे एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा ‘लिस्ट पार्टिशन’ करून, निवडलेल्या ओळीच्या सुरुवातीची फुली पाहून ठरवावे. भाच्याला मी येथे दोन मिनिटे थांबायला लावले आणि पडद्याचा फोटो मागवला. सिस्टीम पार्टिशन आधीपासून असेल तर बनवण्याची गरज नसते. ते निवडून त्याला फक्त एस हे अक्षर द्यावे. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या सगळ्याच्या आधी ‘मॅनेज-बीडीई’ या आज्ञेने तो त्या ४८ अंकी कीने उघडावा लागतो.

आता ‘एक्झिट’ करून डिस्कपार्टमधून बाहेर यावे आणि मुख्य आज्ञा द्यावी. ‘बीसीडीबूट’, एक जागा सोडून ‘सी कोलन बॅकस्लॅश विंडोज’, पुन्हा जागा सोडून ‘स्लॅश एस’, जागा, ‘एस कोलन’, जागा, ‘स्लॅश एफ’, जागा, ‘यूईएफआय’. विंडोजला दुसरे अक्षर मिळाले असेल तर सीऐवजी ते टंकावे. ही एक आज्ञा बूट मॅनेजरच्या फाइली नव्या पार्टिशनवर ठेवते आणि बीसीडी नव्याने लिहिते. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ अशी ओळ आली की पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. त्या सकाळी फोनवर काही क्षण शांतता होती आणि मग पलीकडून विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला.

इंटरनेटवर सर्वत्र ‘बूटरेक’ या आज्ञेचे तीन-चार प्रकार ओळीने चालवायला सांगितलेले असते. माझे मत त्याविरुद्ध आहे. त्यातला एमबीआर दुरुस्त करणारा प्रकार जीपीटी डिस्कच्या यूईएफआय बूटला काही उपयोगाचा नाही, आणि ‘फिक्सबूट’ हा प्रकार बरेचदा ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबतो व माणूस त्या नव्या संदेशाच्या मागे लागतो. बूटलोडर सापडतो पण विंडोज सापडत नाही, म्हणजे सी, सहा शून्ये आणि ई असा क्रमांक येतो, तेव्हाही बीसीडीबूटच चालवावे, कारण चुकलेला ओळखक्रमांक दुरुस्त करण्यापेक्षा नोंदवही नव्याने लिहिणे सोपे असते. हार्ड डिस्कची एसएसडीवर हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, केल्यानंतर हा क्रमांक आला तर त्याआधी आणखी एक पाहावे. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या आहेत का? तशा असतील तर दोघींची ओळख एकच असल्याने गोंधळ उडतो. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, पाहावा आणि मूळ पार्टिशनवरच्या ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब या फाइलीतला क्रमांक त्याच्याशी जुळतो का ते तपासावे. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केल्यास हा क्रमांक बदलतो आणि ‘इनिटरामएफएस’चा प्रॉम्प्ट येतो. यूयूआयडीऐवजी एसडीए, एसडीबी अशी नावे लिहून ठेवणाऱ्यांचे तर एक केबल इकडची तिकडे केली तरी अडते. ग्रबच हरवला असेल तर मूळ पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन माउंट करून, क्रूटने आत जाऊन, ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि उबुंटूसारख्या वितरणांत ‘अपडेट-ग्रब’ चालवावे.

टकटक करणारी डिस्क

वरचे काहीही करण्यापूर्वी ड्राइव्ह मरणपंथाला लागलेला नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. हार्ड डिस्कचा लयीत येणारा टकटक आवाज, बायोसमध्ये ड्राइव्ह दिसायला लागणारा मिनिटभर वेळ, किंवा दिसूनही क्षमता शून्य असणे, ही त्याची चिन्हे आहेत. अशा ड्राइव्हवर ‘चेकडिस्क’ चालवू नये. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून उरलेले आयुष्य संपवते. दुसऱ्या संगणकाला जोडून, आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइली आणि मग उरलेल्या, अशा क्रमाने प्रत घ्यावी. लिनक्स येत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन खराब भाग सोडून चांगले भाग आधी उचलते आणि अडलेल्या ठिकाणी मागाहून परतते. प्रत हातात आल्यावरच स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या प्रकृतीबद्दल नोंदवलेले, आकडे पाहण्याची चैन करावी. विंडोजवर त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसे आहे. भाच्याची हार्ड डिस्क आम्ही रविवारी जोडली तेव्हा तिने दोन तास साथ दिली. आजीच्या पंच्याहत्तरीचे आणि गड्ड्याच्या यात्रेचे फोटो निघाले, पहिल्या सेमिस्टरचे काही प्रॅक्टिकल राहून गेले.

दुरुस्तीनंतर बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर आणि एसएसडीचे नाव असलेली नोंद पहिल्या क्रमांकावर आणावी. एस हे अक्षर बहुधा पुढच्या वेळी आपोआप नाहीसे होते. दिसत राहिले तर डिस्कपार्टमधूनच ‘रिमूव्ह लेटर इक्वल टू एस’ करावे. जुनी डिस्क चांगली असेल आणि परत जोडायची असेल, तर तिच्यावरचे जुने ईएफआय पार्टिशन लगेच पुसू नये. आठवडाभर संगणक नव्या बूटलोडरवर बिनतक्रार चालला की मग ते काढावे. आणि पुढे कधी विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आलीच, तर ज्या ड्राइव्हवर ते टाकायचे आहे तो सोडून बाकी सर्वांच्या केबल काढून ठेवाव्यात, इन्स्टॉल पूर्ण झाल्यावरच जोडाव्यात. भाच्याच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला आहे. कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे, साटाची पद्धत कोणती, व्हीएमडी बंद की चालू, सेल कोणत्या महिन्यात बदलला आणि रिकव्हरी की कोणत्या वहीत आहे, एवढे त्यावर लिहिले आहे. की मात्र कागदावर लिहिलेली नाही.